उन्हाचा वाटा

एकदा एका वृद्ध स्थपतींना त्यांच्या लाडक्या शिष्याने समारंभाला बोलावलं, आणि त्या समारंभाचा त्यांनी पार विचका करून टाकला. लोक अजून म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं. फिरलं होतंच. पण ते कशाने फिरलं हे कुणी सांगत नाही, म्हणून मला सांगावं लागतंय.

स्थपती म्हणजे घरांचे आराखडे करणारा. या वृद्धांनी उभं आयुष्य तेच केलं, आणि उतारवयात काम आटोपतं घेऊन ते चार तरुणांना शिकवू लागले. त्यांत हा शिष्य सर्वांत बुद्धिमान. त्याच्या मनाने एक ध्यास घेतला होता: शहरातल्या माणसाच्या ताटातली भाजी त्याच्या स्वतःच्या घरात पिकली पाहिजे. इमारत एकीकडे आणि शेत दुसरीकडे, हे कशासाठी? दोन्ही एकाच आराखड्यात का मांडू नयेत? कल्पना सुंदर होती, यात वाद नाही. मी कल्पनांच्या विरुद्ध नाही. कल्पना राबवताना शहाणी माणसं ज्या डुलक्या काढतात, त्यांच्या विरुद्ध आहे.

शहराच्या कडेला भाजीचा एक जुना मळा होता. पाच-सहा कुटुंबं मिळून तो करत. त्यांत सारजाबाई वडीलधारी. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, तेव्हापासून हा मळा तिने अंगावर घेतलेला. मेथी, पालक, कोथिंबीर, कांद्याची पात हे तिचं राज्य, आणि तिचा शब्द बाकीची कुटुंबं मोडत नसत. शहर वाढत वाढत मळ्याच्या बांधाला येऊन टेकलं आणि त्याच्या मागोमाग एक बिल्डर आला. त्यांना हल्ली विकासक म्हणतात. कुणाचा विकास, हे विचारण्याची पद्धत नाही.

शिष्याने बिल्डरला आपली योजना दाखवली. मळ्याच्या उत्तरेकडच्या भागात मळेकऱ्यांसाठी चार मजली इमारत. दक्षिणेकडच्या भागात, मोठ्या रस्त्याला लागून, विक्रीसाठी वीस मजली मनोरा. प्रत्येक घराला दक्षिणेच्या बाजूने रुंद गॅलरी आणि गॅलरीत कमरेइतक्या उंचीचा पक्का वाफा. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी मोरीत न जाता नळीने वाफ्यात जाणार. भाजीच्या देठा-सालींचं खत तिथेच एका कोपऱ्यात होणार. फोडणी टाकली की दोन पावलं जायचं, मूठभर मेथी खुडायची आणि परत यायचं. बिल्डरला शेतीशी काही देणंघेणं नव्हतं, पण 'घरात शेत, शेतात घर' ही जाहिरात त्याला अशी काही आवडली, की तो एका रात्रीत शेतकरी झाला.

सारजाबाई मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने निक्षून सांगितलं, "आधी अर्धाच मळा देनार. घर बांधून दावा. त्या वाफ्यात माझी भाजी येती का, ते माझ्या डोळ्यांनी बघीन, मग उरलेला."

बिल्डरने कबूल केलं. उत्तरेची चार मजली इमारत उभी राहिली. दसऱ्याच्या सुमाराला मळेकरी राहायला गेले. शिष्याने जिना चढून स्वतः एकेका वाफ्यात मळ्यातली काळी माती भरून घेतली. मनोऱ्याच्या सावलीची भीती कुणी बोलून दाखवली, तर तो समजावून सांगे, "मावशी, ऊन मी नीट मोजलंय. तुमच्या वाफ्यावर सावली येणार नाही." खोटं बोलत नव्हता तो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्ही त्याला लबाड म्हणाल, आणि तो लबाड नव्हता. लबाड माणसाचं निस्तरणं सोपं असतं.

थंडी पडली आणि सारजाबाईच्या पहिल्या मजल्यावरच्या वाफ्यात मेथी अशी काही फुलून आली, की शेजारपाजारच्या सोसायट्यांतल्या बायका बघायला येऊ लागल्या. सारजाबाईची खात्री पटली. उरलेला मळा, म्हणजे दक्षिणेकडचा विहिरीसकटचा भाग, बिल्डरच्या हवाली करायचा दिवस ठरला. मळ्याच्याच कडेला मांडव पडला. सनई लागली. सारजाबाईने बिल्डरच्या हाती नारळ द्यायचा, की मळा गेला. आणि या मंगलप्रसंगी आशीर्वाद द्यायला शिष्याने आपल्या गुरुजींना बोलावलं.

गुरुजी आले ते आधी वाफे बघायला गेले. सारजाबाईने एक पान खुडून दिलं, ते त्यांनी चावून पाहिलं. मातीत बोट घातलं. पाण्याची नळी कुठून येते, जास्तीचं पाणी कुठे जातं, सगळं वाकून पाहिलं, आणि शिष्याच्या पाठीवर थाप मारली.

"बेस केलंस रे! मला हे चाळीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं."

शिष्याचे डोळे भरून आले. गुरूने दिलेली अशी थाप माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

मग सगळे खाली मांडवात आले. व्यासपीठाच्या मागे बांबूंच्या चौकटीवर प्रचंड मोठा फ्लेक्स ताणलेला होता. त्यावर होऊ घातलेल्या सगळ्या संकुलाचं चित्र. समोर वीस मजली मनोरा, गॅलरी-गॅलरीतून हिरवळ सांडतेय, मागे मळेकऱ्यांची छोटी इमारत, तिच्याही गॅलऱ्या लख्ख उजेडात न्हालेल्या. गुरुजी त्या चित्रासमोर थांबले. बराच वेळ थांबले. बिल्डरला वाटलं, म्हातारबुवांना चित्र आवडलं.

"या चित्रातलं ऊन कधीचं आहे?" गुरुजींनी विचारलं.

"वैशाखातलं, भर दुपारचं," शिष्य उत्साहाने म्हणाला. "मी पूर्ण अभ्यास केलाय, गुरुजी. उन्हाळ्यात घरं तापू नयेत म्हणून वैशाखातल्या सूर्याचा रोजचा प्रवास मोजला. सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे मनोऱ्याची सावली त्याच्याच पायाशी पडते. मागच्या इमारतीला तिचा स्पर्शसुद्धा नाही."

गुरुजी वळले, मांडव घालणाऱ्या मंडळींना जवळ बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "हा फ्लेक्स सोडा. आणि वर नेऊन बाईंच्या गॅलरीसमोर बांधा. वरच्या गॅलरीच्या कठड्यापासून खालपर्यंत, चांगला ताणून. फट राहता कामा नये."

माणसं चक्रावली. पण प्रमुख पाहुणा सांगतोय म्हटल्यावर त्यांना काय! त्यांना वाटलं, असेल कार्यक्रमाचाच भाग. बघता बघता फ्लेक्स चौकटीवरून उतरला, जिन्याने वर गेला आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून सारजाबाईच्या गॅलरीसमोर खाली सोडला गेला. दक्षिणेकडून तिरपं येणारं हिवाळ्यातलं कोवळं ऊन कापल्यासारखं तुटलं. आत मेथी अंधारात गेली.

सनई थांबली. बिल्डर खुर्चीतून अर्धवट उठला. आणि सारजाबाई? ती तर पदर खोचून जिन्याकडे धावली.

"ओ बाबा! काय आक्रीत मांडलंय हे? पाव्हनं म्हनून मान दिला, तर माझ्या मेथीच्या जिवावर उठलात? काढा आधी ते चिरगूट!"

शिष्य गुरुजींच्या समोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज गुरूपुढे चढला.

"गुरुजी, हे काय करताय तुम्ही? दक्षिणेचं ऊन अडवलंत! त्या वाफ्याला दुसरीकडून ऊनच नाही. अशाने भाजी मरेल!"

"मरेल?" गुरुजी म्हणाले.

"मरेल नाही तर काय! चार दिवसांत पिवळी पडेल. एवढंही तुम्हाला..."

"म्हणजे हे तुला माहीत आहे." गुरुजींचा आवाज आता थरथरत होता, आणि तो वयामुळे नव्हे. "बरं झालं. मला वाटलं, माहीतच नसेल. अरे, मी तर एक कापड बांधलंय. सोडलं की सुटेल. तू त्याच दिशेला, त्याच वाफ्यासमोर, वीस मजले सिमेंट बांधायला निघालायस. ते कुणी सोडायचं? वैशाखातलं ऊन मोजलंस! वैशाखात मेथी लावतं का कुणी? भाजी होते थंडीत. आणि थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांब पडतात, हे शाळेतली पोरंही सांगतील. तुझा मनोरा मार्गशीर्षात, पौषात, ऐन भाजीच्या दिवसांत, या सगळ्या गॅलऱ्या गिळून बसेल. तू माणसांना ऊन लागू नये म्हणून मोजलंस. भाजीला लागावं म्हणून मोजलंच नाहीस! घरात शेत घातलंस, आणि शेताचा अभ्यास घराच्या पंचांगाने केलास."

गुरुजी थांबायला तयार नव्हते.

"आणि पुढे काय होतं, तेही ऐक. दोन हिवाळ्यांत वाफे ओसाड पडतील. मग त्यांवर चपलांचा रॅक येईल, मोडका फ्रीज येईल, कुणी फरशी बसवून घेईल. तू कुठल्या तरी परिषदेत भाषण करशील, की योजना उत्तम होती, लोकांनाच हौस नाही. आणि ही बाई! हिने आयुष्यभर मातीतून सोनं काढलं. ही आपल्या नातीला सांगेल, फ्लॅटमध्ये आले आणि माझ्या हाताचा गुण गेला गं. ऊन पळवलंस तू, आणि दोष हिच्या हाताला! मला संताप याचा येतो रे. लुटणारा निदान लुटून पळून जातो. तुझ्यासारखे सज्जन लोक लुटतात आणि वर ज्याला लुटलं त्यालाच स्वतःची लाज वाटायला लावतात."

बिल्डर आता भानावर आला होता. तोंडावर हसू कायम ठेवून तो शिष्याजवळ सरकला आणि दंडाला धरून कानात कुजबुजला. या लोकांना असं कुजबुजायचं शिक्षण कुठे मिळतं, कोण जाणे.

"सांभाळून घे. सांग त्यांना, गुरुजींचं वय झालंय, विसरतात, गोंधळतात. एवढं एक वाक्य बोल. बाई तुझं ऐकते. नारळ हातात पडू दे, पुढचं पुढे बघू. वाटल्यास वाफ्यांवर दिवे लावून देऊ आपण, असले जांभळे जांभळे येतात ना, ते."

ऐकलंत? ज्या बाईच्या डोक्यावर फुकटचं ऊन होतं, तिला हा दिवे लावून देणार होता. आवळा देऊन कोहळा काढणारे ऐकले होते. हा कोहळा काढून आवळ्याचं चित्र देत होता.

तेवढ्यात सारजाबाई जिन्यावरून परत खाली आली. गुरुजींचं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं. ती गुरुजींकडे गेली नाही, बिल्डरकडेही गेली नाही. सरळ शिष्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या मागे बाकीची मळेकरी कुटुंबं.

"लेकरा," ती म्हणाली, "हे बाबा मला ठावं न्हाईत. शेठ बी मला ठावं न्हाईत. तू माझ्या घरी जेवलायस. तू सांग. थंडीत ऊन येनार का न्हाई? तू म्हनशील ते मी खरं धरीन, आन् नारळ देऊन टाकीन."

विचार करा, त्या पोराची काय अवस्था झाली असेल. 'येणार' म्हटलं की मनोरा उभा. त्याचं पहिलं मोठं काम, त्याचं नाव, सगळं जिथल्या तिथे. गुरुजी म्हातारे, चार दिवस कुरकुरतील आणि थांबतील. बाई तर सांगूनच चुकली होती, की मी खरं धरीन. इतका विश्वास समोर हात पसरून उभा असला, की त्याच्याशी खोटं बोलायला फारसं बळ लागत नाही. म्हणून तर एवढं खोटं बोललं जातं.

शिष्याने एकदा वरच्या फ्लेक्सकडे पाहिलं. मग बिल्डरचा हात दंडावरून बाजूला केला.

"नाही येणार, मावशी," तो म्हणाला. "मी चुकीच्या महिन्याचं ऊन मोजलं. मनोरा इथे उभा राहिला, तर तुमच्या एकाही वाफ्यात थंडीची भाजी होणार नाही. मळा देऊ नका."

सारजाबाई शाबासकी देईल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला ती कळलीच नाही. तिचे डोळे संतापाने भरून आले.

"मला वाटलंच हुतं रे!" ती म्हणाली. "मनोरा उभा राहनार कुठं, हे बघितलं तवाच वाटलं हुतं. रोज सांजच्याला सावल्या लांबताना बघून वाटायचं. पर म्हनलं, शिकली-सवरली मानसं हाईत, यंत्रावर मोजत्यात, आपल्याला काय कळतंय! माझ्या डोळ्यांना दिसत हुतं, आन् मी माझ्याच डोळ्यांना खोटं पाडत बसले, तुझ्यापायी."



सारजाबाईने नारळ उचलला, पदराखाली घेतला आणि मळ्याच्या बांधावरून चालू लागली. बाकीची कुटुंबं तिच्या मागे गेली. मांडव रिकामा झाला. जिलेब्या तशाच राहिल्या.

पुढे काय झालं, हे सांगायलाच हवं, नाही तर तुम्ही म्हणाल, कथाकार नेमका वेळेला पळाला. शिष्याने आराखडा नव्याने मांडला. मनोरा उत्तरेच्या टोकाला नेला, जिथे पोहण्याचा तलाव आणि क्लब व्हायचा होता. त्याच्या पलीकडे नाला होता, आणि नाल्याची उन्हाबद्दल काही तक्रार नव्हती. मनोरा बुटका झाला. दक्षिणेकडे विहीर आणि मळ्याचा एक तुकडा दोन्ही इमारतींसाठी सामाईक राहिला. मार्गशीर्षातलं ऊन शिष्याने या वेळी सारजाबाईला शेजारी बसवून मोजलं. बिल्डरने हे सगळं मान्य केलं. त्याचं हृदयपरिवर्तन वगैरे झालं, असं कृपा करून समजू नका. असल्या गोष्टी बोधकथांतच होतात. अर्धा पैसा अडकलेला होता आणि उरलेली जमीन अजून बाईच्या ताब्यात होती, म्हणून त्याने मान्य केलं. नारळ हातात पडला असता, तर आज तिथे वीस मजले उभे असते आणि जांभळे दिवे लागले असते. कितीतरी ठिकाणी ते तसे उभे आहेतच. तिथे फ्लेक्स बांधणारा कुणी नव्हता, एवढाच फरक.

पण शिष्याच्या मनात एक काटा सलत राहिला. पुष्कळ दिवसांनी, गुरुजींच्या अंगणात दोघंच बसलेले असताना, त्याने तो बोलून दाखवला.

"गुरुजी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावलो तर रागावलो. विचार."

"चूक माझी होती, मान्य. पण तुम्ही मला बाजूला घेऊन सांगू शकला असता. मी तुमचं ऐकलंच असतं. तेवढ्यासाठी चारचौघांत, भर मांडवात... मला आजही ते आठवलं की मान वर करवत नाही."

गुरुजी म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता:

"बाजूला घेतलं असतं, तर तू माझे पाय धरले असतेस. म्हणाला असतास, गुरुजी, चुकलो. मी म्हणालो असतो, असू दे, माणूस चुकतो. दोघांचंही मन हलकं झालं असतं. मग तू आराखडा गुपचूप दुरुस्त केला असतास, किंवा बिल्डर नाही म्हणाला म्हणून केला नसतास. काही झालं तरी त्या बाईला कधीच कळलं नसतं, की तिचे डोळे बरोबर होते. बाळ, तू अपराध माझा केला नव्हतास. मग माझ्यापाशी कबूल करून काय उपयोग?"

अंगणातल्या उन्हाची तिरीप सरकत शिष्याच्या पायांपर्यंत आली. काही वेळाने तो उठला, गुरुजींना नमस्कार केला आणि निघाला.

"कुठे निघालास?" गुरुजींनी विचारलं.

"सारजामावशींकडे," तो म्हणाला. "ऊन चुकीच्या महिन्याचं मोजलं, मळा देऊ नका, एवढंच सांगितलं होतं मी त्यांना. तुमचे डोळे बरोबर होते, मला माफ करा, असं अजून म्हणालोच नाही."

तेव्हा, मंडळी, हिरव्यागार गॅलऱ्यांच्या जाहिराती बघून घर घ्यायला निघाल तेव्हा जरूर घ्या, सुखाने राहा. फक्त सही करण्याआधी एवढं विचारा: या चित्रातलं ऊन कुठल्या महिन्यातलं आहे, आणि थंडीत आपली सावली कुणाच्या दारात पडणार आहे?